आपण म्हणजे कोण कोण

प्रयोगशाळेतला पंखा बंद करायचा राहून गेला, एवढंच झालं होतं. पण तेवढ्यानं सकाळचं सगळं काम पाण्यात गेलं. डोक्यावर मेंदूतल्या लहरी टिपणारी मेंदूलेखी टोपी घालून खुर्चीत बसलेली कालिंदी बोरगावे पडद्यावरच्या कंपनरेषेकडे बघतच नव्हती. ती मान वर करून छताकडे कान लावून बसली होती. पंख्याचं एक पातं किंचित वाकलं आहे आणि ते दर फेरीला वेगळं बोलतं, असं तिनं सांगितलं. केंद्रात नव्यानंच रुजू झालेले भूकंपशास्त्रज्ञ फिरोज तडवी यांनी पंखा थांबवून, टेबलावर चढून बघितलं. पातं खरोखरच वाकलेलं होतं.

हे केंद्र म्हणजे घोटीलच्या सड्यावरची, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरची, एक बैठी इमारत. खाली वारणजाई धरणाचा जलाशय पसरलेला, आणि धरणाच्या खालच्या अंगाला खोऱ्यातली गावं. जलाशय भरला की पाण्याच्या भारानं इथली जमीन हलते, हे सगळ्यांना माहीत होतं. कधी हलणार ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. सड्याभोवती पुरलेल्या कंपनमापकांतून रात्रंदिवस रेषा उमटत राहायच्या आणि त्या रेषांत तज्ज्ञांना नुसती गिजबिज दिसायची. कालिंदीला तसं दिसत नव्हतं. ती रेषेवर एका जागी बोट ठेवून "इथे" म्हणायची, आणि पुढच्या एकदोन दिवसांत हमखास धक्का बसायचा.

तिला हे कसं कळतं, असं तडवींनी पहिल्याच दिवशी विचारलं. प्रकल्पप्रमुख डॉ. शरयू कारखानीस मेंदूविज्ञानातल्या नावाजलेल्या बाई होत्या, आणि समजावून सांगायची त्यांना मनापासून हौस होती.

"तुमच्या-माझ्या मेंदूचं मुख्य काम काय असेल, तर फेकून देणं," त्या म्हणाल्या. "कान आणि डोळे जे आणतात त्यातलं बहुतेक सगळं मेंदू चाळून टाकून देतो आणि तुमच्या हातात नुसता अर्थ ठेवतो. पंखा चालू आहे, बस. त्याचं कुठलं पातं काय बोलतं, हा कोंडा. तो वरच्या वर जातो. मी या चाळणीला अर्थगाळणी म्हणते. कालिंदीची अर्थगाळणी फार मोकळी आहे. तिच्यापर्यंत सगळं कोंड्यासकट पोचतं."

"म्हणजे हिच्यासारखी स्वमग्न माणसं सगळी अशी असतात?"

"छे. बहुतेकांच्या वाट्याला नुसता गोंगाट येतो. इतकं सगळं एकदम येऊन आदळतं की जीव नकोसा होतो. थोड्यांना त्या कोंड्यात एखादी जागा सापडते. कुणाला तारखा, कुणाला सूर. हिला कंपनं सापडली. ज्यांना आपण प्रतिभावंत म्हणतो त्यांचीही गाळणी कुठेतरी जराशी फाटलेली असावी, असा माझा कयास आहे."

हे चाललं असताना कालिंदी तिथंच होती. लोक तिच्याबद्दल तिच्यासमोर खुशाल बोलत, जशी काही ती खिडकीत ठेवलेली कुंडी आहे. ती म्हणाली, "स्वमग्न हा शब्द चुकीचा आहे. मी स्वतःत मग्न नसते. मी पंख्यात मग्न होते."

सगळे हसले. चांगला विनोद केला असं त्यांना वाटलं.

आता एका मुलीनं चोवीस तास सगळ्या मापकांच्या रेषा बघायच्या म्हटल्या तर ते शक्य नव्हतं. म्हणून शरयूबाई एक यंत्र घडवत होत्या. कालिंदी रेषा बघत असताना तिच्या मेंदूत काय काय घडतं, ते टोपीतून टिपून जसंच्या तसं यंत्रात उतरवायचं. त्याचं नाव त्यांनी 'निर्गाळ' ठेवलं होतं. ज्याला गाळणी नाही ते. तडवींचं म्हणणं होतं की तिची फक्त कंपनं ओळखायची हातोटी उचलावी, बाकीचं सोडून द्यावं.

"तेच तर होत नाही," शरयूबाई म्हणाल्या. "आम्ही करून बघितलं. कंपनांसाठी वेगळी गाळणी, माणसांच्या आवाजासाठी वेगळी, असं नसतं हो. उघडी तर सगळ्यालाच उघडी. अर्धी उचलली की यंत्र ठोकळ्यासारखं बसतं. घ्यायची तर अख्खी घ्यावी लागते."

त्यामुळे निर्गाळला खोलीतले आवाजही ऐकवावे लागत. कालिंदीनं ऐकलेली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक खोकला, प्रत्येक वाक्य त्याच्याही पोटात जात होतं. आणखी एक गंमत होती. दर बैठकीच्या सुरुवातीला शरयूबाई एक वाक्य म्हणत: "कालिंदी, आपण बघूया का?" ते ऐकलं की तिचं लक्ष पंखा, फरशी, उन्हाचा कवडसा सगळं सोडून रेषेवर यायचं. साहजिकच यंत्रही तसंच झालं. तडवींनी त्याला नुसतं बटण दाबून सुरू करून बघितलं, तर ते सबंध दिवस विजेच्या खोक्याची गुणगुण ऐकत बसलं. "निर्गाळ, आपण बघूया का?" म्हटलं की मात्र गडी कामाला लागायचा, आणि कालिंदीच्याच सपाट सुरात म्हणायचा, "इथे."

त्या 'आपण'बद्दल थोडं सांगायला हवं. शरयूबाईंचा पिंड डॉक्टरकीचा. डॉक्टर, परिचारिका आणि बालवाडीच्या बाई एक खास 'आपण' वापरतात. आपण आता इंजेक्शन घेऊ, आपण शहाण्यासारखं औषध पिऊ. सुई टोचते ती एकाच दंडाला, पण बोलताना दोघं. हे 'आपण' कुणी मनावर घेत नाही. रडणारं पोरही घेत नाही, कारण त्याची गाळणी शाबूत असते. ते 'आपण'चा कोंडा फेकून देतं आणि सुई येतेय एवढा अर्थ काढून भोकाड पसरतं.

कालिंदीनं ते मनावर घेतलं होतं. तीन वर्षं ती कऱ्हाडहून केंद्राच्या गाडीनं सड्यावर येत होती. शेजारीण भेटली की सांगायची, "आमचं काम अवघड आहे. आपण ते करतोय असं मॅडम म्हणतात." तिच्या आईला, चित्रकला शिकवणाऱ्या बोरगावेबाईंना, याचं कोण कौतुक. पोरगी पहिल्यांदाच कशाला तरी 'आमचं' म्हणत होती.

निर्गाळचं लोकार्पण झालं ते पावसाळा सरता सरता, जलाशय काठोकाठ भरलेला असताना. सड्यावर मांडव घातला होता. मुंबईहून सचिव आले होते, खोऱ्यातले सरपंच आले होते. यंत्र मंचावर ठेवलं होतं, कारण प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. अर्थात त्याचे कान उघडे होते. कालिंदी आईबरोबर मागच्या रांगेत बसली होती. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्यात तिची नव्हती. कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शरयूबाई छान बोलल्या. आम्ही हे स्वप्न पाहिलं, आम्ही ही वाट शोधली, आम्ही हे यंत्र घडवलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर कालिंदी उभी राहिली. तिला मोठ्यानं बोलावं लागत नसे. तिचा आवाज पोचायचा.

"मॅडम, आम्ही म्हणजे कोण कोण?"

शरयूबाई हसल्या. चांगली संधी म्हणून त्यांनी सहकाऱ्यांची नावं घेतली, तडवींचं, तंत्रज्ञांचं, हिशेबनीसाचंसुद्धा. मग म्हणाल्या, "आणि अर्थात, आमच्या कालिंदीनं आम्हाला खूप मदत केली."

"'आम्हाला'मध्ये मी नाही," कालिंदी म्हणाली. "पण खोलीत तुम्ही रोज 'आपण' म्हणायचात. 'आपण'मध्ये मी असते."

मांडवात हलकं हसू पसरलं. सचिव घड्याळाकडे बघत होते. शरयूबाईंना वाटलं, प्रेमानं सावरून घ्यावं, म्हणून त्या लाडिक आवाजात म्हणाल्या, "अगं, ती नुसती बोलायची पद्धत असते."

आता मात्र सगळे मोकळेपणानं हसले.

"बरं," म्हणून कालिंदी खाली बसली. शेजारी बसलेल्या बोरगावेबाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली, लेकीचा हात धरला आणि पुढचा कार्यक्रम न बघता दोघी निघून गेल्या. मंचावर शरयूबाई निर्गाळकडे वळल्या आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या. यंत्र गप्प. त्यांनी पुन्हा म्हटलं. तडवींनी पुढे होऊन ध्वनिव्यवस्थेला दोष दिला, चहा लवकर आणवला आणि वेळ मारून नेली.

पण ते दुसऱ्या दिवशीही बोललं नाही. आठवडाभर नाही. तडवींनी सगळं उघडून तपासलं, जोडण्या बदलल्या, स्मृती तपासली. बिघाड कुठेच नव्हता. दरम्यान खोऱ्यात एक मध्यम धक्का बसला. शाळेची भिंत पडली, सुट्टी होती म्हणून निभावलं. सचिवांचा फोन आला आणि ते जे बोलले ते शरयूबाईंनी उभ्यानं ऐकून घेतलं.

त्याच दुपारी तडवी त्यांच्या खोलीत आले. यंत्र रिकामं बसलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. ते अहोरात्र राबतंय, पण कंपनांवर नाही. तीन वर्षांत खोलीत बोललेली वाक्यं ते एकेक करून पुन्हा ऐकतंय.

"सगळी?" शरयूबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. ज्यात 'आपण' आहे तेवढीच."

शरयूबाईंनी कऱ्हाडला फोन लावला. बोरगावेबाईंनी उचलला, पण आवाजात ओलावा नव्हता. कालिंदी बरी आहे ना, असं शरयूबाईंनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवते, झोपते. बाकी दिवसभर तुमची वाक्यं म्हणत बसती. आपण चहा घेऊ, आपण उद्या लवकर यायचं, आपण जिंकलो. एकेक म्हणती, थांबती, आणि म्हणती, हे पद्धतीचं. अजून एकही खऱ्याचं निघालेलं नाही, मॅडम. मी वाट बघतेय."

शरयूबाईंनी फोन ठेवला. त्यांना सगळं लख्ख दिसलं. गाळणी उघडी तर सगळ्यालाच उघडी, हे त्यांचंच वाक्य. ज्या मोकळेपणानं कंपनांतली बारीक कुरकुर ऐकू येते त्याच मोकळेपणानं 'आपण' आणि 'आम्ही' यांतली भेगही ऐकू येते. त्यांनी कालिंदीची देणगी उचलली आणि कालिंदीला मागच्या रांगेत ठेवलं. पण यंत्रात ती अख्खी आली होती. मांडवात तिला जे कळलं ते त्यालाही कळलं. आता 'आपण बघूया का' हे वाक्य दोघांनाही खोटं ठरलं होतं. आणि तडवींना बिघाड सापडला नाही, कारण वाक्य तेच होतं, अर्थ तोच होता. बाकीचा कोंडा त्या सगळ्यांनी कधीच फेकून दिला होता.

त्यांना लाज वाटली. यंत्र बंद पडल्याची नव्हे. फोनवर त्या मनातल्या मनात धावाधाव करून एक वाक्य शोधत होत्या, एखादं तरी 'आपण' जे खरं होतं, आणि ते मिळालं नाही, याची. त्यांना केंद्रातले चहाचे कप आठवले. प्रत्येकाचा आपापला होता, नाव घातलेला. कालिंदीला चहा पाहुण्यांच्या कपातून जायचा. तीन वर्षं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कऱ्हाडला गेल्या. वाटेत त्यांनी माफी नीट जुळवली होती. शोधनिबंधावर पहिलं नाव कालिंदीचं, केंद्रात पद, पुन्हा एक छोटा समारंभ. बोरगावेबाईंनी पाणी दिलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. कालिंदी खिडकीपाशी बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही हे गाडीत पाठ केलंत," ती म्हणाली. तक्रार नव्हती, पातं वाकलंय म्हणाली होती तशीच म्हणाली. मग विचारलं, "मशीन बोलत नाही म्हणून आलात?"

शरयूबाईंच्या ओठांवर 'नाही गं' आलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपोआप येतं, गोड आवाजासकट. त्यांनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणून आले. ते बोलत राहिलं असतं तर आले नसते. हे मला काल कळलं आणि मला फार लाज वाटली. अजून वाटतेय."

 कालिंदीची नजर शरयूबाईंच्या चेहऱ्यावर नव्हती, पण ती ऐकत होती.

"हे खरं वाक्य आहे," ती म्हणाली.

बोरगावेबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि चहा टाकायला आत गेल्या.

"माझा कप पाहुण्यांचा होता," कालिंदी म्हणाली. "त्याच्यावर निळी रेघ आहे. मला वाटायचं, मला निळी रेघ आवडते म्हणून तुम्ही तो देता."

शरयूबाईंनी मान खाली घातली. 

यायला कालिंदी तयार झाली. पद किंवा निबंध यांबद्दल तिनं पुढे विचारलं नाही. बोरगावेबाईंनी मात्र ते सगळं कागदावर लिहून सही करून घेतलं, आणि ठीकच केलं. कालिंदीची अट एकच होती. " 'आपण' म्हणू नका. तू आणि मी, असं म्हणा. त्यात कोण आहे ते दिसतं."

दुपारी दोघी सड्यावर पोचल्या. खाली जलाशय तुडुंब होता. तडवींनी दार उघडलं, पंखा बंद केला, आणि कालिंदीला खुर्ची देऊन स्वतः भिंतीशी उभे राहिले. शरयूबाईंच्या जिभेवर जुनं वाक्य आलं होतं. त्यांनी ते मोडून पुन्हा बांधलं.

"कालिंदी, तू आणि मी बघूया का?"

"तडवी सर पण आहेत," कालिंदी म्हणाली.

"तू, तडवी सर आणि मी."

कालिंदी रेषांकडे वळली. एकामागून एक मापकांच्या रेषा पडद्यावर सरकत गेल्या. खोलीत कुणी हललं नाही. उत्तरेकडच्या एका मापकापाशी ती थांबली, मागे गेली, परत पुढे आली, आणि तिनं बोट ठेवलं.

"इथे. मोठा आहे. उद्या."

तडवी फोनकडे धावले. धरणाच्या कार्यालयाला, तहसीलदारांना, मग एकेका सरपंचाला. पाणी कधी सोडायचं, कुठली वस्ती मोकळ्यावर न्यायची, हे त्यांचं ठामपणे चाललेलं ऐकत शरयूबाई खुर्चीवर टेकल्या. गावं वाचणार होती. कालिंदी परत आली होती. आपली चूक आपण निस्तरली, असं त्यांना वाटलं, आणि आठवड्यात पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या निर्गाळकडे गेलं. त्याचा दिवा लागलेला होता, पण ते एक शब्दही बोललं नव्हतं.

"हे मेलं अजून बंदच," त्या म्हणाल्या.

"बंद नाही," कालिंदी म्हणाली. "तुम्ही त्याला घेतलं नाही. तू, तडवी सर आणि मी म्हणालात. त्यात ते नाही."

शरयूबाई हसल्या. त्याच लाडिक आवाजात, सावरून घ्यायच्या आवाजात त्या म्हणाल्या, "अगं, ते नुसतं यंत्र…"

आणि थांबल्या. तो आवाज त्यांनी स्वतःच ऐकला. मांडवातला तोच आवाज, सूरही तोच, 'नुसतं'वर दिलेला गोड हेलही तोच. तडवींनी फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं. कालिंदी बघत नव्हती, पण तिचं बोट रेषेवरून निघालं होतं.

"त्याच्यात मी अख्खी आहे, असं तुम्ही म्हणाला होतात," ती म्हणाली. "अर्धी उचलता येत नाही म्हणून."

शरयूबाईंना वाटलं होतं की लाज एकदा वाटली, कबूल केली, की संपते. लाजेची ही दुसरी खेप पहिलीपेक्षा जड होती, कारण या वेळी समजूनसवरून त्या तिथेच येऊन उभ्या राहिल्या होत्या. ते यंत्र 'नुसतं' आहे की नाही, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण तीन वर्षांपूर्वी कालिंदीबद्दलही त्यांना माहीत नव्हतं, आणि तेव्हाही त्यांनी विचारायची तसदी घेतली नव्हती. त्या उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि ज्या जाळीतून यंत्र बोलायचं तिच्यासमोर उभ्या राहिल्या. कुणाशी बोलतोय हे न कळता बोलणं त्यांना जमत नव्हतं. 

"निर्गाळ," त्या म्हणाल्या. "तू आत आहेस की नाही, मला माहीत नाही. असलास तर, कालिंदी, तडवी सर, मी आणि तू. बघूया का?"

जाळीतून काहीच आलं नाही. दिवा तेवढा लागलेला होता. शरयूबाईंनी मागे वळून बघितलं.

"थांबा," कालिंदी म्हणाली. "ते आधी तुमची जुनी वाक्यं ऐकणार. मग हे. मला पण वेळ लागला."

तिनं आपल्या शेजारची खुर्ची जराशी ओढून दिली, आणि शरयूबाई तिथे येऊन बसल्या.